खळ घातलेली नोट

बेकर्स फोर्क, नेब्रास्का
शनिवार, २ मे १९८७

ती. आर्डिथताईच्या सेवेशी,

धाकट्या भावाचा, म्हणजे वर्लिनचा, धान्याच्या काट्यावरून नमस्कार. तुझा खुबा आता पूर्वीसारखा चालत असेल, निदान पूर्वीसारखा कुरकुरत तरी असेल, अशी आशा करतो. ओरेगॉनातला पाऊस थांबला का हे विचारत नाही, कारण गेल्या एकोणतीस वर्षांत त्या प्रश्नाला तू एकदाही हो म्हटलेलं नाहीस. ईस्टरला पाठवलेला तुझा धुरावलेला मासा पोचला. आम्ही तो खाल्ला. त्याबद्दल अधिक लिहीत नाही, कारण आपण चांगल्या घरातली माणसं आहोत.

इकडे सगळं ठीक. मका पेरायला लोक शेतात उतरले आहेत, त्यामुळे गावात फक्त म्हातारे आणि कुत्री दिसतात. लॅव्होनची तब्येत ठीक आहे. हात थरथरतात, पण गेल्या हिवाळ्याइतकेच. हे पत्र मी घरी बसून लिहीत नाही, काट्याच्या खोलीत बसून लिहितो आहे (नोकरी सोडून सात वर्षं झाली तरी माझी खुर्ची अजून इथंच आहे; नवा काटेवाला तिच्यावर टोपी ठेवतो, मी आलो की उचलतो). घरी न लिहिण्याचं कारण असं, की यातली एक गोष्ट लॅव्होनच्या कानावर कधीही, कोणत्याही मार्गानं जाता कामा नये. ती कोणती, ते पुढं येईलच. फोन केलास तर हवामानावर बोल. तुमच्याकडे त्याचा तुटवडा नाही.

आता तुला सगळं नीट कळावं म्हणून गेल्या ऑगस्टपासून सुरुवात करावी लागेल. लॅव्होन आणि काउंटीची जत्रा हे प्रकरण तुला ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिनं काकडीचं लोणचं नेलं, तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एकतीस निळ्या, म्हणजे पहिल्या नंबराच्या, फिती लागल्या. लोणची, ॲपल पाय, रजया, आणि सगळ्यांत जास्त टेबलावरची कापडं. जत्रेला न्यायची वस्तू कशी तयार करायची याबद्दल तिचे नियम चर्चपेक्षा कडक आहेत. परीक्षकापुढं वस्तू जाणार म्हणजे ती आधी धुवायची, डाग काढायचे, नीळ द्यायची, खळ घालायची आणि ओलसर असतानाच इस्त्री करायची, मागच्या बाजूनंसुद्धा, कारण परीक्षक मागची बाजू बघतात. (एकदा मी स्वतः डुकरांच्या गोठ्यात मदतीला चाललो होतो, तर तिनं माझ्या शर्टालाही हेच केलं. डुकरांनी मागची बाजू पाहिली नाही.) गेल्या ऑगस्टात मात्र विद्यापीठातून आलेल्या एका तरुण परीक्षक बाईनं तिच्या कापडाला पांढरी फीत दिली. म्हणजे तिसरा नंबर. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, कडेला सुरकुती आहे, हात स्थिर नसावा.

त्या बाईचं काही चुकलं नव्हतं, सुरकुती होतीच. पण लॅव्होन घरी आली, इस्त्री कपाटात मागं नेऊन ठेवली, आणि तिच्यावर हिवाळ्यातली जाड पांघरुणं रचली. त्यानंतर आमच्याकडे दुकानातले पाव येऊ लागले. मंगळवार हा इस्त्रीचा वार, तो ती खिडकीशी बसून काढू लागली. सोमवारी कपडे धुवायची तेवढे, पण दोरीवरून काढून तसेच घडी घालायची. मी चुरगळलेला शर्ट घालून चर्चला जायला लागलो आणि कोणी काही बोललं नाही, यावरून तुला कळेल की सगळ्यांना कळलं होतं. ताई, मी सहसा घाबरत नाही. काट्यावर एका माणसानं माझ्यावर बंदूक धरली होती तेव्हाही मी त्याला धान्यातल्या ओलाव्यापोटी होणारी कपात समजावून सांगितली. पण या हिवाळ्यात मी घाबरलो होतो. आता माझ्यानं काहीच धड होत नाही, असं ती एकदा भांडी पुसताना म्हणाली, आणि तेही मला उद्देशून नाही.

असो. मार्चात आयोन कुबिचेकबाई आमच्याकडे आल्या. (आयोनबाई म्हणजे गावाचं संग्रहालय. खरं तर संग्रहालय म्हणजे जुनं केशकर्तनालय, आणि त्यात आयोनबाई, एक खुर्ची आणि बारा वस्तरे.) या जूनमध्ये गावाला शंभर वर्षं होतात, तर प्रत्येकानं घरातली जुनी वस्तू दाखवायला द्यावी असं त्यांचं म्हणणं. मला पत्र्याच्या डब्यातली आजोबांची नोट आठवली.

तुला आठवतं का, आजोबा नोटा कशा तयार करायचे? मला आठवतं, कारण मला काउंटरवर बसवायचे. त्या काळी गावोगावच्या नॅशनल बँकांच्या नोटा वॉशिंग्टनहून छापून यायच्या, एका कागदावर चार, आणि मधोमध आपल्या गावाचं नाव : फर्स्ट नॅशनल बँक ऑफ बेकर्स फोर्क. पण आजोबा कॅशियर म्हणून खाली डावीकडे सही करेपर्यंत तो नुसता कागद. उजवीकडे बँकेच्या अध्यक्षांची सही. ती डॉक्टर श्वोबोडांच्या जांभळ्या रबरी शिक्क्याची, कारण डॉक्टर नेहमी कोणाच्या तरी बाळंतपणाला गेलेले. आजोबा मात्र प्रत्येक नोटेवर टाकानं सही करायचे, गुस्ताव ब्रुन्स, जीभ दातांत धरून, आणि मग आजीच्या शिवणकामाच्या कात्रीनं चार नोटा वेगळ्या करायचे. कात्री त्यांच्या हातात कधी सरळ चालली नाही. १९२४ साली बँक बुडाली, आणि पुढची सगळी वर्षं ते त्या इमारतीसमोरून जायचं टाळून पलीकडच्या पदपथानं चालले. चर्चमधल्या आपापल्या दृढीकरणाच्या दिवशी आपल्या दोघांना त्यांनी एकेक दहाची नोट दिली, तुला बँक चालू असताना, मला बुडाल्यावर. मला देताना म्हणाले, "बँक बुडाली तरी नोट बुडत नाही. तिला सरकारची हमी आहे. माझी सही आता एवढ्या एकाच ठिकाणी चालते, तेव्हा मोडू नकोस." मी मोडली नाही. त्या काळात दहा डॉलर न मोडणं काय असतं, ते तुला सांगायला नको.

तर आयोनबाई म्हणाल्या, नुसती मांडू नका, किंमत लावून आणा, लोक किंमत वाचायला थांबतात. लिंकनला पार्डी नावाचे एक गृहस्थ आहेत, जुन्या नोटांतलं त्यांना सगळं कळतं. मी फोन केला, गुरुवारची वेळ मिळाली. मंगळवारी संध्याकाळी मी डबा उघडून नोट जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि तिथंच चूक केली. लॅव्होननं चष्मा लावला.

"हिचं काय करणार?"

"लिंकनला नेणार. तिथं एकजण बघून किंमत ठरवतो."

"निरखून बघतो?"

"भिंगातून."

"मागची बाजूही?"

"बघत असेल. का?"

"काही नाही," ती म्हणाली. "अशी नेणार?"

मी हो म्हणालो आणि झोपायला गेलो. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात 'अशी नेणार?' या प्रश्नाचा अर्थ मला कळायला हवा होता. बुधवारी मी शेजारच्या गावात एका लिलावाला गेलो (एक शिडी घेतली, गरज नव्हती). दुपारी परतलो तर अंगणापर्यंत खळीचा वास. आत इस्त्रीचं टेबल मांडलेलं, पांघरुणांखालची इस्त्री बाहेर निघालेली, आणि लॅव्होन, ताई, गुणगुणत होती. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. टेबलावर पांढऱ्या पंच्यावर आजोबांची नोट ठेवली होती. एका टोकाला धरून उचलली तर वाकत नव्हती. कागद लख्ख पांढरा. डॉक्टर श्वोबोडांचा शिक्का पसरून जांभळा ढग झाला होता. आणि खाली डावीकडे, जिथं साठ-पासष्ट वर्षांत आजोबांची शाई फिकट होत होत तपकिरी झाली होती, तिथं काहीच नव्हतं.

"इथं चहाचा जुनाट डाग होता," ती म्हणाली. "लिंबू आणि मिठानं गेला. तीनदा करावं लागलं. आणि हे बघ, कडेला एकही सुरकुती नाही."

तिनं हात पुढं करून दाखवला. इस्त्री धरताना थरथरत नाही, म्हणाली, नुसता असताना थरथरतो, काम करताना नाही, हे तिला आजच कळलं. मी नोटेकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, आणि म्हणालो, फार छान झाली आहे. याहून काही बोलण्यासारखं होतं असं मला आजही वाटत नाही. मी अंगणात जाऊन शिडी कोठीत ठेवली, पुन्हा बाहेर काढली, आणि पुन्हा ठेवली.

गुरुवारी लिंकनला गेलो. (जायचं टाळता आलं असतं, पण लॅव्होननं माझ्यासोबत जेवणाचा डबा दिला होता, आणि डबा घेऊन निघालेला माणूस परत फिरत नाही.) पार्डींची खोली चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, जिन्यानं वर. साठीचा, बारीक, कोपरांना चामड्याची ठिगळं लावलेला माणूस. चांगला वाटला. नोट पाकिटातून काढण्याआधी त्यांनी मला किंमत कशी ठरते ते सांगितलं, आणि ते ऐकून माझी मतीच गुंग झाली. मी एकेचाळीस वर्षं काट्यावर काढली. ट्रक भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा, वजाबाकी, ओलाव्याची कपात, आणि झाली किंमत. माल जास्त तर पैसे जास्त. इथं सगळं उफराटं. ओमाहाच्या मोठ्या, भक्कम, दगडी खांबांच्या बँकेची नोट असेल तर तिला कोणी विचारत नाही, कारण तशा शेकड्यांनी उरल्या आहेत. बँक जितकी लहान, गाव जितकं आडवळणी, तितका भाव चढता. ही हौशी मंडळी आपसात एक यादी ठेवतात, कोणत्या गावाच्या किती नोटा आजवर कोणाकडे दिसल्या त्याची. पार्डींनी आपली प्रत उघडून ओळीवर बोट ठेवलं. बेकर्स फोर्क, आणि पुढं शून्य. एकही नोट कोणी पाहिलेली नाही. ते शून्य बघून त्यांचा आवाज खाली आला. आजोबा ज्या शून्यामुळे तीस वर्षं रस्त्याच्या पलीकडून चालले, त्याला लिंकनमध्ये भाव आहे, हे त्यांना कळायला हवं होतं असं मला वाटलं.

त्यानंतर म्हणे सही बघायची. शिक्क्याची सही साधारण, छापील त्याहून साधारण, पण कॅशियरनं स्वतःच्या हातानं टाकानं केलेली असेल आणि शाबूत असेल, तर लोक तिच्यासाठी दुसऱ्या राज्यातून गाडी हाकत येतात. आणि शेवटी कागद. कागद मळका चालतो, घडीचा चालतो, थोडा फाटका चालतो. फक्त, म्हणाले, त्याला कोणी काही केलेलं नसावं.

मी पाकीट पुढं सरकवलं. त्यांनी चिमट्यानं नोट काढली. चिमट्यात ती काटकोनात ताठ उभी राहिली. भिंगातून पाहिली, उजेडाला धरून पाहिली, उलटून मागची बाजू पाहिली (लॅव्होनचं खरं होतं), आणि मग नाकाशी नेली.

"खळ?" त्यांनी विचारलं.

"हो."

"इस्त्री?"

"ओलसर असताना."

"कोणी केली?"

"मी," मी म्हणालो.

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणजे माझ्या कॉलरकडे. त्या सकाळी लॅव्होननं माझा शर्टही केला होता, आणि कॉलरच्या टोकानं पत्र उघडता आलं असतं. मग अगदी मऊपणे म्हणाले, "आमच्या आईचाही हात असाच होता." आकडे तुला सांगून टाकतो. जशी होती तशी आणली असती तर साडेतीन हजार डॉलर. आता, गाव अगदी हवंच आहे असा एखादा माणूस भेटला तर तीनशे. आणि बँकेत नेली तर दहा, आजही, कारण नोट बुडत नाही. जिना उतरताना त्यांनी वरून हाक मारून सांगितलं, की घरात दुसरी असेल तर कृपा करून पाण्याजवळ नेऊ नका. आणि दुसरी सापडली की यादीत एकाच्या दोन होतात, तेव्हा दोन्हींचा भाव उतरतो, हेही लक्षात ठेवा.

परतीच्या वाटेवर मी डबा खाल्ला आणि काय सांगायचं ते ठरवलं. मी खोटं बोलणार नव्हतो. घरी पोचल्यावर लॅव्होन दारातच उभी. मी म्हणालो, पार्डींनी तीस वर्षांच्या धंद्यात अशी नोट पाहिली नव्हती. (त्यांनी असंच म्हटलं होतं, शब्दाला शब्द.) मागची बाजू बघितली का? बघितली. इस्त्रीबद्दल काही बोलले? म्हटलं, पहिल्यांदा तेच बोलले. किंमत? म्हटलं, जगात एकच आहे, तेव्हा भाव अजून ठरायचा आहे.

दुसऱ्या दिवशी घरी भाजलेले पाव झाले. त्या आठवड्यात तिनं माझे सगळे शर्ट, रुमाल, कामाच्या विजारी, पडदे आणि मी वाचत असलेलं वर्तमानपत्र इस्त्री केलं. ऑगस्टच्या जत्रेसाठी चार वस्तूंची नावंही देऊन आली. मी चर्चला ताठ कॉलरनं गेलो आणि तिथं पाळकबुवांनी मला पाहून मोठ्यानं प्रभूचे आभार मानले, कशाबद्दल ते सांगितलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण तिनं विचारलं, परीक्षकानं चिठ्ठी वगैरे काही दिली नाही का? माझ्या तोंडून निघून गेलं की टपालानं येणार आहे. मग दहा दिवस ती टपालपेटीकडे जात राहिली. शेवटी मी जत्रेच्या मैदानावरच्या कोठीत गेलो. चिटणीस माझं जुनं गिऱ्हाईक, त्यानं उरलेल्या फितींची पेटी दाखवली. निळी एकच होती, आणि तिच्या शेपटावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं : डुक्कर, नर, सहा महिन्यांखालील. मी शेपूट कापून टाकलं. ब्रुन्स घराण्याची कात्री, तेव्हा कसं कापलं गेलं ते तू समजून घे. पाकिटात घालून लिंकनला एकाकडे पाठवली, त्यानं तिथून टपालात टाकली. लॅव्होननं ती भिंतीवर मधोमध लावली. आता बत्तीस आहेत. मी तिच्याकडे पाठ करून जेवतो.

तर इकडची हकीकत ही अशी. बाकी विशेष काही नाही. तुझ्या गुडघ्यांना, खुब्याला, मांजराला आमच्या दोघांचे नमस्कार. तब्येतीला जप, जिन्यावर कठडा धर, आणि पुढच्या वेळी मासा पाठवू नकोस, म्हणजे खर्चात पडू नकोस.

तुझा आज्ञाधारक (हे तूच शिकवलेलं),
वर्लिन ब्रुन्स

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. आयोनबाईंनी पार्डींना शताब्दीला बोलावलं आहे. शनिवारी, २० जूनला, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये ते टेबल मांडून बसणार आणि ज्यानं त्यानं आपली नोट आणली की सगळ्यांदेखत तिची किंमत सांगणार. रांगेत पहिलं नाव लॅव्होनचं आहे. तिनं स्वतः दिलं. आपली नोट ती स्वतःच्या हातानं नेणार, आणि सगळ्या गावापुढं ते त्या नोटेबद्दल जे सांगतील ते खरं असेल, कारण माणूस सज्जन आहे. मी त्यांना पत्र लिहून काहीतरी वेगळं सांगायची विनंती करू शकत नाही. तीनदा लिहून फाडलं. ऑगस्टला इस्त्री पांघरुणांखाली गेली ती मी एकदा पाहिली आहे. दुसऱ्यांदा बाहेर येईल असं मला वाटत नाही. तेव्हा ताई, तुझ्या बायबलात आजोबांनी दिलेली दुसरी नोट आहे, तीही दहाचीच. ती जूनच्या आत रजिस्टर टपालानं पाठव. पत्ता काट्याच्या खोलीचा घाल, घरचा नको. मी त्या दिवशी सकाळी पाकिटातली नोट बदलीन. एका दिवसाचं काम आहे, मग तुझी तुला परत. धुऊ नकोस.

ता. क. २ : पार्डी तिला साडेतीन हजार म्हणाले तर ते पैसे तुझे. म्हणजे, काटेकोर बोलायचं तर माझे. हे मी सत्तावन्न वर्षं लिहायचं टाळलं आहे. तुझी नोट सरळ कापलेली होती. माझ्या नोटेच्या वेळी आजोबांची कात्री घसरून कोपरा तिरका गेला होता. १९३० च्या नाताळात तू सुटीला घरी आलीस, तेव्हा तू केस धूत असताना मी तुझ्या बायबलातली काढून तिथं माझी ठेवली. तो कोपरा तुझ्या लक्षात आला तो थेट ओरेगॉनला गेल्यावर, आणि तेव्हापासून तू सगळ्यांना सांगत आलीस की ओरेगॉनचे उंदीर बायबलसुद्धा सोडत नाहीत. तो उंदीर मी. म्हणजे लॅव्होननं धुतली ती नोट तुझी होती, आणि मी आता तुझ्याकडे जी मागतो आहे ती माझीच. यामुळे माझी विनंती जास्त योग्य ठरते की कमी, हे मला ठरवता येत नाही. तिरक्या कोपऱ्याचं लॅव्होनच्या लक्षात येणार नाही, अशी माझी खात्री आहे.

ता. क. ३ : पोस्ट शनिवारी बारालाच बंद होतं, हे विसरलो. पत्र सोमवारी टाकीन. तोवर शर्टाच्या खिशात सुरक्षित आहे.

मंगळवार, ५ मे

आर्डिथताई,

मी लॅव्होन. सोमवारी धुणं असतं, हे त्याला सेहेचाळीस वर्षांत पाठ झालेलं नाही. त्या नोटेपासून मी प्रत्येक खिसा तपासते. पत्र उघडंच होतं म्हणून वाचलं. बंद असतं तरी वाचलं असतं.

लिंकनहून आला त्या रात्री त्यानं जेवताना माझ्या इस्त्रीची दोनदा स्तुती केली. एकदा केली असती तर मला कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन बसले आणि आमच्या लग्नातला फोटो काढला. मागं आजोबांनी आशीर्वाद लिहून सही केली आहे, चहाच्याच रंगाची. तेव्हा मी काय पुसलं ते मला समजलं. मी कोठीत जाऊन थोडं रडले. मग पाव भाजायला घेतले, कारण तो दारातून डोकावून बघत होता.

फितीबद्दल : चिठ्ठीचं मी विचारलं आणि टपालपेटीकडे जात राहिले, ते त्याला संशय येऊ नये म्हणून. डुकरांच्या फितीला सोनेरी झालर असते, कापडांच्या फितीला नसते. आणि ती इतकी वाकडी कापली आहे की हात कोणाचा ते विचारायला नको. बाकीच्या एकतीस मला अनोळखी माणसांनी दिल्या.

तुमची नोट तेवढी नक्की पाठवा, काट्याच्याच पत्त्यावर, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून. तिरका कोपरा मला हॉलच्या दारातूनही दिसेल, पण दिसणार नाही. मी रांगेत पहिली उभी राहीन आणि पार्डी बोलले की आश्चर्य करीन. आरशासमोर करून पाहिलं आहे, बरं जमतं. ते झालं नाही तर तो जन्मभर भिंतीकडे पाठ करून जेवेल.

हे पत्र त्याच्या खिशात पार चुरगळलं होतं, म्हणून इस्त्री करून पाठवते आहे. त्याच्या सहीवरून इस्त्री फिरवलेली नाही.

लॅव्होन